रविवारच्या मिस्सेची भाषा

वसईच्या जुन्या धर्मग्रामांत शेजार आधी होता, चर्च नंतर आले. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नव्या मुंबईत मात्र गोवा, मंगळूर, केरळ व वसईहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना रविवारच्या मिस्सेनेच शेजारी केले, असे आम्हांस वाटते. उपासनेच्या भाषेचा प्रश्न त्याहून जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली मुद्रित झालेले मराठी ख्रिस्तपुराण रविवारी चर्चमध्ये वाचले जाई; मिस्सा तेवढी लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी लोकभाषांना वाट दिली. परंतु लोकभाषा कोणती? वसईत उत्तर मराठी ठरले. बहुभाषी वस्तीत ते इतके सोपे नव्हे. म्हणून मिस्सांची जुनी वेळापत्रके अभ्यासकांनी जपावीत. कोणत्या भाषेची मिस्सा केव्हा सुरू झाली वा बंद पडली, हे जनगणनेचे तक्ते सांगत नाहीत.