पहारेकऱ्यालाही ठाऊक नसावे असे गुपित : पासवर्डचा इतिहास
#थ्रेड #इतिहास #संगणक

१/
साल १९६२. अमेरिकेतील एमआयटी ही संस्था. एका शुक्रवारी रात्री उशिरा ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने छिद्रांच्या कार्डावर एका फाइलचे नाव नोंदवले आणि ती छापण्याची विनंती दाखल केली. शनिवारी भल्या सकाळी छापील कागद त्याच्या हाती आले. त्यांवर त्या संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड होते.

२/
हा संगणक चालत होता 'सीटीएसएस' या प्रणालीवर. फर्नांदो कोर्बातो यांच्या चमूने नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले होते. यंत्र एक, वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या फाइली निराळ्या, प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ मोजून दिलेला. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड आला. शेरच्या वाट्याला आठवड्याचे चार तास होते, आणि त्याच्या संशोधनाला ते पुरत नव्हते!

३/
शेरने कुलूप फोडले नाही. त्याला दोन गोष्टींनी साथ दिली. एक, पहारेकऱ्याने सगळ्या किल्ल्यांची यादी स्वतःजवळ उघडी ठेवली होती. दोन, छपाई मागणाऱ्याला ती फाइल वाचण्याचा अधिकार आहे का, हे कोणी विचारलेच नाही. 'तू कोण?' आणि 'तुला कशाची मुभा?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पुढचा सारा इतिहास या दोन प्रश्नांचा आहे.

४/
त्याच दशकात त्याच प्रणालीवर आणखी एक घटना घडली. एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल संपादित करत होता, तर दुसरा सर्वांना दिसणारा 'आजचा संदेश'. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच असल्याने त्यांची अदलाबदल झाली. मग जो लॉगिन करी, त्याच्यासमोर संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकू लागले. इथे चोर कोणीच नव्हता, तरीही गुपित फुटले.

५/
यावर तोड निघाली इंग्लंडमध्ये. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी सुचवले की पासवर्ड साठवूच नये. तो अशा गणिती प्रक्रियेतून काढावा की उलट दिशेने परतता येणार नाही, आणि फक्त निष्पत्ती जपावी. दळलेल्या पिठातून पुन्हा गहू होत नाही, तसे. वापरकर्ता आला की त्याचा शब्द पुन्हा दळायचा आणि पीठ ताडून पाहायचे. आता पहारेकऱ्यालाही गुपित ठाऊक नव्हते.

६/
युनिक्सने ही युक्ती स्वीकारली. पण रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात तिची मर्यादा दाखवली. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाही तर शब्दकोशांत वा नावांच्या याद्यांत सापडणारे. चोराने नेहमीचे शब्द दळून पीठ जुळवून पाहिले तरी पुरे!

७/
त्यांचे उपाय दोन. पहिला, दळणे मुद्दाम मंद करणे, म्हणजे लाखो अंदाज करणाऱ्याचा वेळ खर्ची पडेल. दुसरा, प्रत्येक पासवर्डात यादृच्छिक 'मीठ' मिसळणे. ४,०९६ प्रकारचे मीठ असल्याने दोघांचा पासवर्ड एकच असला, तरी निष्पत्ती बहुधा निराळी येई. 'सॉल्ट' हा शब्द सर्व्हरच्या जगात आजही तसाच रूढ आहे.

८/
मग वेब आले, आणि ते जन्मतःच विसरभोळे होते. सर्व्हरला प्रत्येक विनंती म्हणजे पहिलीच भेट. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून 'कुकी' योजली. तिच्याच आधारे लॉगिनही टिकू लागले. पासवर्ड एकदा पटला की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक देतो, आणि ब्राउझर दर वेळी तो बिल्ल्यासारखा दाखवतो.

९/
पण बिल्ला चोरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. उघड्या वायफायवर हे किती सोपे आहे, ते २०१० मध्ये 'फायरशीप' या साधनाने जगाला दाखवले. केवळ लॉगिनचे पान नव्हे, तर संपूर्ण संकेतस्थळच एचटीटीपीएसखाली आणण्याच्या मागणीला त्यामुळे जोर आला.

१०/
आणि शेरच्या वेळचा दुसरा प्रश्न? तो अजून छळतो. पत्त्यातील बिलाचा क्रमांक बदलला आणि शेजाऱ्याचे बिल उघडले, तर सर्व्हरने 'तू कोण' एवढेच विचारले; 'हे बिल तुझे आहे का' हे विचारले नाही. वेब सुरक्षेतील प्रमुख धोक्यांच्या ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत हीच चूक पहिल्या क्रमांकावर होती.

११/
पहिला धडा तरी आपण शिकलो का? २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीतून ३ कोटींहून अधिक पासवर्ड चोरीस गेले. ते सारे जसेच्या तसे, उघडे साठवलेले होते. नीडहॅम यांची युक्ती तेव्हा चाळीस वर्षांहून जुनी झाली होती.

१२/
म्हणून एक कसोटी लक्षात ठेवा. 'पासवर्ड विसरलो' असे कळवल्यावर एखाद्या संकेतस्थळाने तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवला, तर समजावे की तिथे १९६२ चीच यादी पडून आहे आणि कोणा ना कोणाला ती छापता येईल. सुज्ञ पहारेकरी जुना शब्द सांगूच शकत नाही. तो नवा ठरवायला सांगतो.

(समाप्त)