उष्णतासह स्फोटके आणि औष्णिक स्थैर्याचा अभ्यास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वरूड परिसरातून वाहणारी वर्धा नदी पुढे पुलगावजवळून जाते. तेथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटात दोन अधिकाऱ्यांसह अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यामुळे स्फोटकांच्या औष्णिक स्थैर्याचा प्रश्न विदर्भासाठी केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
शॉनबाइन यांनी १८४६ मध्ये कापसापासून नायट्रोसेल्युलोज तयार केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील फेव्हरशॅम येथील त्याचा कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. तंतूंत अडकलेले आम्ल विघटनास गती देते, हे ओळखून फ्रेडरिक एबल यांनी १८६० च्या दशकात ते लगदा करून धुण्याची पद्धत रूढ केली. विघटनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे पुढील विघटन वाढवितात. म्हणून डायफेनिलअमाईनसारखी स्थिरीकारके वापरात आली.

भारतात १९०८ साली नैनिताल येथे रासायनिक परीक्षकाचे कार्यालय सुरू झाले. त्याचीच परंपरा पुढे १९६० मध्ये पुण्यास आली आणि १९९५ पासून ती संस्था उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा या नावाने ओळखली जाते. खोल तेलविहिरी व अवकाशयाने यांसाठी लागणाऱ्या उष्णतासह स्फोटकांवर तेथे जे. पी. अग्रवाल व सहकाऱ्यांनी संशोधन केले. टीएनटी सुमारे ८१ अंश सेल्सिअसला वितळते, तर टीएटीबीचे विघटन ३०० अंशांच्याही वर घडते.

विघटनाची गतिकी :
किसिंजर यांनी १९५७ मध्ये तापनाचा वेग बदलून सक्रियण ऊर्जा काढण्याची पद्धत मांडली. तिच्या आधारे साठवणुकीच्या तापमानाला पदार्थ किती काळ टिकेल, याचा अंदाज बांधता येतो. मात्र उच्च तापमानावरील अभिक्रियेची यंत्रणा साध्या तापमानालाही तीच राहील, हे गृहीत धरावे लागते.

पुलगावचा बोध :
पुलगावच्या दुर्घटनेचे कारण रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेले टीएनटी असल्याचे तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सांगितले होते. टीएनटीतील कमी द्रवणांकाची अशुद्ध द्रव्ये उष्णतेने तेलकट होऊन बाहेर येतात. म्हणजे रेणू स्थिर असूनही पदार्थ असुरक्षित ठरू शकतो.

निष्कर्ष :
एबल यांच्या काळातील आम्ल असो वा पुलगावचा पाझर, धोका मूळ रेणूइतकाच त्यातील अशुद्धतेत दडलेला दिसून येतो. म्हणून नव्या उष्णतासह रेणूंच्या शोधाबरोबरच शुद्धता, नियमित तपासणी आणि सदोष साठ्याची वेळीच विल्हेवाट यांनाही तितकेच महत्त्व द्यावे लागते.