स्वयंचलित अग्निशस्त्रे : नागरी मालकीविषयक भारतीय कायदा

चाप दाबून धरला असता सलग गोळीबार करणारी शस्त्रे नागरिकांनी बाळगण्यासंबंधीचे भारतातील विधिनियम. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ हे त्यांचे मुख्य आधार होत. अशी शस्त्रे ‘प्रतिबंधित शस्त्रे’ या वर्गात मोडतात. केंद्र शासनाच्या खास अधिकारपत्राशिवाय ती मिळविणे, जवळ ठेवणे, बनविणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

इतिहास : लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती आणली, युरोपियनांना मात्र तीतून सूट होती. या भेदभावामुळे शस्त्र बाळगण्याचा हक्क ही राष्ट्रीय चळवळीची मागणी बनली व १९२८ च्या नेहरू अहवालातील मूलभूत हक्कांत तिला स्थान मिळाले. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तशी दुरुस्ती मांडली, पण ती फेटाळली गेली. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला.

व्याख्या : कलम २ मधील व्याख्या शस्त्राच्या नावावर, आकारावर किंवा बनावटीवर अवलंबून नाही. चापावर दाब दिल्यावर तो काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी रचना, अथवा तसा केलेला बदल, हीच तिची कसोटी आहे. त्यामुळे कारखान्यातून आलेली एके-४७ आणि एखाद्या कारागिराने फेरफार करून सलग मारा करणारी बनविलेली बंदूक कायद्यापुढे एकाच पंक्तीत बसतात. तोफा, विमानविरोधी व रणगाडाविरोधी शस्त्रे याच वर्गात येतात; शिवाय राजपत्रातील अधिसूचनेने त्यात भर घालण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. अधिनियमातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग हाच होय. अर्धस्वयंचलित बंदुकांचे वर्गीकरण मुख्यतः नियमांच्या अनुसूचीत आहे व त्याबाबत वाद उद्भवलेले आहेत.

परवाना : सामान्य शस्त्राचा परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. प्रतिबंधित शस्त्रासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावे लागते. दहशतवाद्यांकडून जीविताला गंभीर व निकटचा धोका असणे, हा अशा अर्जाचा प्रमुख आधार असतो. परवानाधारकांच्या बोलण्यात या दोन वर्गांना ‘पीबी’ (प्रतिबंधित बोअर) व ‘एनपीबी’ (अप्रतिबंधित बोअर) म्हणतात. लष्करी .३०३ व ७.६२ मिमी. काडतुसे चालू शकणाऱ्या रायफलींवरही निर्बंध आहेत. म्हणून नागरी बाजारात .३१५ बोअरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल रूढ झाली. कोकणात शेतीसंरक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा प्रतिबंधित वर्गाशी संबंध नाही.

आयात : प्रतिबंधित शस्त्रांच्या आयातीलाही केंद्राची खास परवानगी लागते.

शिक्षा : पंजाबातील हिंसाचाराच्या काळात, १९८८ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र बाळगण्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास ठरविला. त्याच दुरुस्तीने कलम २७ (३) आणले. प्रतिबंधित शस्त्राच्या वापरामुळे, किंवा कलम ७ चा भंग करणाऱ्या ‘कोणत्याही कृती’मुळे, दुसऱ्याचा मृत्यू ओढवला तर मृत्युदंड हीच एकमेव शिक्षा या कलमात होती. हेतूचा उल्लेख त्यात नव्हता. कलम ७ मध्ये शस्त्र बनविणे, विकणे व दुरुस्त करणे यांचाही समावेश असल्याने, अपघाताने घडलेल्या मृत्यूसाठीही फाशी देणे न्यायाधीशाला भाग पडले असते. हेतुपुरस्सर खुनासाठी मात्र दंड संहितेच्या कलम ३०२ खाली जन्मठेपेचा पर्याय खुला होता. जन्मठेप भोगणाऱ्याने केलेल्या खुनास सक्तीची फाशी सांगणारे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच रद्द केले होते. संसदेने पाच वर्षांनी तोच दोष नव्या कायद्यात आणला. अखेर १ फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. अशोक कुमार गांगुली व न्या. जगदीश सिंग खेहर यांनी अनुच्छेद १४ व २१ चा भंग होतो म्हणून कलम २७ (३) घटनाबाह्य ठरविले. या विषयावरील निर्णयांत हा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल.

मुंबई, १९९३ : त्या वर्षाच्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे समुद्रमार्गे चोरटी शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात एके-५६ रायफल बाळगल्याबद्दल अभिनेता संजय दत्त आरोपी होता. त्याच्या प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने टाडाच्या (दहशतवादी व विघातक कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या) कलम ५ चा अर्थ लावला : शस्त्र आरोपीने जाणीवपूर्वक व अनधिकृतपणे, अधिसूचित क्षेत्रात बाळगले होते हे अभियोग पक्षाने सिद्ध करावे; त्याचा दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे दाखविण्याची संधी आरोपीला असेल. पुढे विशेष न्यायालयाने त्याला टाडाच्या आरोपांतून मुक्त केले, मात्र शस्त्र अधिनियमाखाली दोषी धरून २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ मध्ये पाच वर्षांवर आणली.

२०१९ ची दुरुस्ती : ही १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. एका व्यक्तीजवळील परवानाधारी अग्निशस्त्रांची मर्यादा तिने तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात एकाचाच प्रस्ताव होता. पोलीस किंवा सशस्त्र दलांकडून बळाने शस्त्र हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा झाला व त्यास दहा वर्षे ते जन्मठेप ही शिक्षा ठरली.

मूल्यमापन : शस्त्राच्या व्याख्येत कायदा जितका काटेकोर हवा, तितकाच शिक्षेत न्यायाधीशाच्या विवेकाला वाव हवा. पहिली अट १९५९ च्या अधिनियमाने पूर्ण केली. दुसरी १९८८ मध्ये मोडली गेली व न्यायालयाने ती पुन्हा प्रस्थापित केली. २०१९ च्या दुरुस्तीमुळे आज प्रतिबंधित शस्त्र बाळगण्यास सात ते चौदा वर्षांचा कारावास आहे. पुरेशी व विशेष कारणे निकालपत्रात नमूद करून सात वर्षांहून कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाकडे आहे.