इंदूरच्या गिरण्या आणि कंपनीसत्तेची मर्यादा

इंदूर शहराच्या पूर्वेकडील मालवा मिल, परदेशीपुरा आणि पाटणीपुरा हा पट्टा म्हणजे एकेकाळचे गिरणगाव होय. तेथील गिरण्या केव्हाच थंडावल्या असल्या, तरी त्यांची नावे चौकांना आणि रस्त्यांना चिकटून राहिली आहेत. खासगी भांडवल कायम ठेवून कंपनीच्या सत्तेला आवर कसा घालावा, या प्रश्नाची भारताने शोधलेली जवळजवळ सर्व उत्तरे या एका शहराने अनुभवली आणि म्हणूनच इंदूरच्या गिरण्यांचा इतिहास स्थानिक कुतूहलापुरता मर्यादित राहत नाही.

इंदूरमधील पहिली कापड गिरणी दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली आणि ती संस्थानच्या मालकीची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र मालवा युनायटेड, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी आणि नंदलाल भंडारी या गिरण्या भागधारकांच्या कंपन्या म्हणून चालू लागल्या. त्या काळातील बहुतेक भारतीय गिरण्यांप्रमाणे येथेही ‘मॅनेजिंग एजन्सी’ ही पद्धत रूढ होती. या पद्धतीत कंपनी स्वतःचा कारभार दीर्घ मुदतीच्या कराराने एखाद्या पेढीकडे सोपवत असे आणि त्या पेढीला उत्पादनावर, विक्रीवर किंवा नफ्यावर दलाली मिळे. भांडवल उभारण्याची ऐपत आणि बाजारातील पत पेढीकडे असल्यामुळे उद्योग उभा राहण्यास तिची मदत झाली, हे नाकारता येत नाही. तथापि थोड्याशा भागभांडवलाच्या बळावर एकच कुटुंब अनेक कंपन्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हुकूमत गाजवू शके, आणि विक्रीवर दलाली ठरलेली असल्यास कंपनी तोट्यात असतानाही पेढीची मिळकत चालू राही.

या सत्तेला पहिला लगाम कंपनी कायद्याच्या 1936 च्या दुरुस्तीने घातला. तिने मॅनेजिंग एजंटाच्या, म्हणजे अशा पेढीच्या, नेमणुकीची मुदत वीस वर्षांवर आणली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला. परंतु हा ब्रिटिश भारताचा कायदा असल्यामुळे संस्थानी इंदूरला तो आपोआप लागू होत नव्हता. होळकर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाल्यानंतर, 1951 मध्ये देशाचा कंपनी कायदा या प्रदेशाला लागू करण्यात आला. त्यानंतरचा निर्णायक कायदा म्हणजे 1956 चा कंपनी अधिनियम, जो अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत संसदेने संमत केला. त्याने 15 ऑगस्ट 1960 नंतर एका एजंटाकडे दहापेक्षा अधिक कंपन्या राहू नयेत असे ठरवले आणि त्याच्या मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. अखेर 3 एप्रिल 1970 पासून ही पद्धतच संपुष्टात आली. खासगी मालकी तशीच राहिली. मालकीच्या प्रमाणाबाहेर बळकावलेला अधिकार तेवढा काढून घेण्यात आला.

दुसरा लगाम कामगार संघटनेचा होता. इंदूर मिल मजदूर संघाने अहमदाबादच्या गांधीप्रणीत मजूर महाजनाचा मार्ग स्वीकारला, ज्यात संपाआधी वाटाघाट आणि लवाद यांना महत्त्व असे, आणि व्ही. व्ही. द्रविड यांच्यासारखे कार्यकर्ते त्यातून पुढे आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याच्या धर्तीवर मध्य भारतात आणि 1960 मध्ये मध्य प्रदेशात कायदे झाले, त्यामुळे मान्यताप्राप्त संघटनेशी बोलणी टाळणे गिरणीला अशक्य झाले. तिसरा उपाय राष्ट्रीयीकरणाचा होता. 1974 च्या कायद्याने मालवा युनायटेड, कल्याणमल आणि स्वदेशी या तीन गिरण्या सरकारकडे आल्या, पण जुनी यंत्रे आणि यंत्रमागाची स्पर्धा यांपुढे त्याही टिकल्या नाहीत. मालक बदलला म्हणून धंदा सुधारतोच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

सर्वांत कठीण प्रश्न कंपनी बुडाल्यानंतरचा होता. ‘मर्यादित दायित्व’ याचा अर्थ असा की, भागधारकाचे नुकसान त्याच्या भागाच्या रकमेपुरतेच राहते. बँकेकडे तारण असते, परंतु ज्याने वर्षानुवर्षे श्रम घातले त्या कामगाराकडे यांपैकी काहीच नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये रामकृष्णन खटल्यात असे ठरवले की, कंपनीच्या अवसायनाच्या, म्हणजे ती गुंडाळून देणी फेडण्याच्या, सुनावणीत कामगारांनाही बाजू मांडण्याचा अधिकार आहे. 1985 च्या दुरुस्तीने कंपनी अधिनियमात कलम 529-अ आणून कामगारांची थकबाकी तारणधारक कर्जदात्यांच्या बरोबरीने फेडली जावी, असा नियम केला.

या नियमाची कसोटी हुकुमचंद मिलमध्ये लागली. ही गिरणी 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली, त्यानंतर अवसायन, जमिनीच्या मालकीचा वाद आणि कर्जदात्यांचे दावे यांत तीन दशके गेली. मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने जमिनीच्या विकासाची जबाबदारी घेऊन रक्कम भरली, तेव्हा कुठे 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 4,800 कामगारांसाठी 224 कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. तोपर्यंत अनेक कामगार निवर्तले होते आणि त्यांचा हक्क वारसांच्या हाती पडला. मुंबईच्या गिरणगावातही मजुरीइतकाच जमिनीचा प्रश्न निर्णायक ठरला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

भांडवलशाहीत कंपनीला मर्यादा घालता येतात, याची साक्ष इंदूर निःसंशय देते, कारण मॅनेजिंग एजन्सी कायद्यानेच संपली आणि कामगाराला कायद्यानेच रांगेत वरचे स्थान मिळाले. परंतु एजंटाचा अधिकार काढताना संसदेने तारीख ठरवली होती, तशी तारीख कामगाराचे देणे फेडण्यासाठी कोणी ठरवली नाही. मुदत नसलेला हक्क हा अर्धाच हक्क असतो, आणि हुकुमचंद मिलच्या कामगारांना उरलेल्या अर्ध्यासाठी बत्तीस वर्षे थांबावे लागले.