घोड्यांच्या तापाचा कुलवृत्तांत

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात. मूळ पुरुष कोण, कुठली शाखा कुठल्या गावी गेली, हे त्यांत वाचायला मिळते. घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचाही असा कुलवृत्तांत शास्त्रज्ञांनी तयार केला आहे. मी येथे हेर्त्सोगेनआउराखला संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये गुंतलेला माणूस. अक्षरे जुळवून नाती शोधण्याची ही विद्या मला म्हणूनच जवळची वाटते.

हा आजार जुना आहे. १८७२ साली टोरंटोकडून पसरलेल्या साथीने उत्तर अमेरिकेतील घोडे आजारी पाडले. त्याच नोव्हेंबरात बॉस्टनला मोठी आग लागली, तेव्हा बंब माणसांना ओढावे लागले. घोड्यांतील विषाणू प्रथम हाती लागला तो १९५६ साली, प्रागमध्ये. त्याचे नाव एच७एन७. दुसरा, एच३एन८, १९६३ साली मायामीत सापडला. पहिला पुढे दिसेनासा झाला. दुसऱ्याचा वंश मात्र वाढला.

नाते ठरते ते चुकांवरून. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या पुढच्या पिढीत उतरतात. ज्यांच्या चुका सारख्या, ते जवळचे भाऊबंद. या हिशेबाने एच३एन८ च्या अमेरिकी आणि युरेशियाई अशा दोन शाखा झाल्या. अमेरिकी शाखेतून फ्लोरिडा उपशाखा निघाली आणि तिचेही दोन गट पडले.

भारतात १९८७ साली साथ आली होती. त्यानंतर जून २००८ मध्ये वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्याला, घोडे-खेचरे खोकू लागली आणि साथ अनेक राज्यांत पसरली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तपासले, तेव्हा हा विषाणू फ्लोरिडाच्या दुसऱ्या गटातला निघाला. त्याचे जवळचे नातलग मंगोलिया आणि चीनमध्ये होते. म्हणजे १९८७ चा विषाणू देशात दडून बसला नव्हता. हा पाहुणा बाहेरून आला होता.

यावरून दोन कामे ठरतात: सीमेवर जनावरांची तपासणी, आणि लशीत योग्य शाखेची निवड. लस जुन्या शाखेची असेल, तर संरक्षण तोकडे पडते. म्हणूनच २०१० साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने फ्लोरिडाचे दोन्ही गट लशीत घ्यावेत, असे सुचवले.

आजारी घोड्याला कित्येक आठवडे विश्रांती लागते. कटऱ्याचा काय किंवा आपल्या माथेरानचा काय, घोडेवाल्याचे तेवढे दिवस बिनकमाईचे जातात.