बौद्धिक संपदा हक्क (नांदेड व लातूर जिल्हे)

बौद्धिक संपदा हक्क म्हणजे मानवी बुद्धीतून निर्माण झालेल्या कृती, शोध, चिन्ह, वाण किंवा नाव यांच्या वापराविषयी कायद्याने दिलेले हक्क होत. जमीन किंवा घर यांप्रमाणे ही संपत्ती हाताने दाखवता येत नाही. तथापि बहुतेक हक्कांची विक्री करता येते किंवा ते परवान्याने दुसऱ्यास वापरावयास देता येतात. भारत जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य असून तिचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. त्यानंतर भारतातील या विषयावरील अनेक कायदे नव्याने करण्यात आले. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतमाल, खादी, बियाणे व ग्रंथ यांच्या उदाहरणांवरून या हक्कांचे प्रकार आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट होतात.

प्रकार व कायदे

• पेटंट (एकस्व) : पेटंट कायदा, १९७०. नवीन व उद्योगात उपयोगी पडणाऱ्या शोधास अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे संरक्षण मिळते. अर्ज करण्यापूर्वीच शोध जाहीर केल्यास त्याचे नावीन्य सामान्यतः नष्ट होते.
• व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) : व्यापारचिन्ह कायदा, १९९९. नोंदणी १० वर्षांची असते व तिचे पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते.
• प्रताधिकार (कॉपीराइट) : प्रताधिकार कायदा, १९५७. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही.
• संरचना (डिझाइन) : संरचना कायदा, २०००. वस्तूच्या बाह्य रूपास प्रथम १० वर्षे व नूतनीकरणानंतर आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते.
• भौगोलिक मानांकन (जीआय) : १९९९ चा कायदा, १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात. नोंदणी कार्यालय चेन्नई येथे आहे.
• पीक वाण हक्क : पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१.

व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. त्यांचे रक्षण मुख्यतः कराराच्या व विश्वासभंगाच्या तत्त्वांवर होते.

लातूर जिल्ह्यातील भौगोलिक मानांकने

बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोली चिंच व कास्ती कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातील तीन उत्पादनांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोरसुरी व पानचिंचोली ही गावे निलंगा तालुक्यात आहेत. याच सुमारास जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या दगडी ज्वारीलाही मानांकन मिळाले.

व्यापारचिन्ह एखाद्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे असते. भौगोलिक मानांकन मात्र त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामायिक असते. अर्जदार संस्था नोंदणीकृत स्वामी ठरते, परंतु तिला हे नाव विकता, गहाण ठेवता किंवा परवान्याने देता येत नाही. नोंदणीपुस्तकाचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात मानांकनाची नोंद असते, तर ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्त्यांची. गावातील उत्पादकास ‘ब’ भागातील नोंदणीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

लातूर हे तुरीच्या व्यापाराचे व डाळमिलांचे मोठे केंद्र असून तेथे निरनिराळ्या भागांतील तूर येते. त्यामुळे येथे या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. डाळ लातुरात भरडली एवढ्यावरून तिला बोरसुरी हे नाव लावता येत नाही. ती नोंदीतील क्षेत्रातील व नोंदलेल्या गुणवैशिष्ट्यांची असावी लागते.

उदगीर, नांदेड व राष्ट्रध्वज

लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणलेल्या खादीच्या कापडापासून नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वज तयार केले जातात. राष्ट्रध्वजाची आकृती मात्र कोणाचीही खाजगी मालमत्ता होऊ शकत नाही. १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीवाचून तिचा वापर व्यापारासाठी किंवा व्यापारचिन्हात करता येत नाही. ‘खादी’ या नावाचे व्यापारचिन्ह खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आहे आणि २०१३ च्या नियमांनुसार खादी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ‘खादी मार्क’ असावा लागतो.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. पॉलिस्टरच्या ध्वजास खादी म्हणता येत नाही, हे संरक्षण त्यानंतरही कायम राहिले. परंतु हातमागावरील ध्वजाला स्वस्त पर्याय उपलब्ध झाला. नावाचे रक्षण म्हणजे मागणीची हमी नव्हे, हे या उदाहरणावरून दिसते.

बियाणे व शेतकरी

नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘एनएचएच-४४’ हे संकरित कापूस वाण १९८० च्या दशकात प्रसारित झाले. भारतीय कायद्यात वनस्पती, बियाणे व वाण यांना पेटंट मिळत नाही. त्यांच्यासाठी २००१ चा वाण हक्क कायदा आहे. या कायद्याखाली बहुतेक पिकांच्या नोंदणीकृत वाणास १५ वर्षे, तर वृक्ष व वेलींच्या वाणास १८ वर्षे संरक्षण मिळते. शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाच्या नावाने पिशवीबंद करून त्याला विकता येत नाही.

ग्रंथ व प्रताधिकार

साहित्यकृतीवरील प्रताधिकार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य व विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे १० फेब्रुवारी १९८२ रोजी निधन झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०४२ च्या अखेरीपर्यंत राहील. त्यांचे जे लेखन निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झाले, त्याची मुदत प्रकाशनवर्षानंतर ६० वर्षांची आहे. खाजगी अभ्यास, समीक्षा व परीक्षण यांसाठी केलेला वाजवी वापर उल्लंघन मानला जात नाही.

एकाच वस्तूवरील अनेक हक्क

एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने बोरसुरी तूरडाळ पाकिटातून विकावयास घेतली, तर ‘बोरसुरी’ हे नाव सर्व अधिकृत उत्पादकांचे राहते. कंपनीचे स्वतःचे नाव व चिन्ह हे तिचे व्यापारचिन्ह होते. पाकिटावरील चित्र व मजकूर प्रताधिकारात येतो. आणि डाळ भरडण्याच्या यंत्रात खरोखर नवी सुधारणा केली असल्यास तिच्यासाठी पेटंटचा अर्ज करता येतो. व्यवसायाचे मूल्य ठरविताना यांतील कोणता हक्क कंपनीचा व कोणता गावाचा, हे वेगळे काढावे लागते. कंपनी विकली गेली तरी बोरसुरी हे नाव तिच्याबरोबर विकले जात नाही.

मर्यादा

नोंदणी कार्यालय बाजारावर पहारा ठेवत नाही. उल्लंघन झाल्यास दाद मागण्याची जबाबदारी मुख्यतः हक्कधारकावर असते. भौगोलिक मानांकनाची नोंदणीही १० वर्षांची असून तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी, गुणवत्तेची तपासणी व मालावर चिन्हाचा नियमित वापर या तीन गोष्टींअभावी मानांकन केवळ प्रमाणपत्रापुरते उरण्याचा संभव असतो.