स्त्रियांच्या श्रोणितल स्नायूंच्या बलाचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (खानदेशाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय यांना खालून आधार देणारा स्नायूंचा थर म्हणजे श्रोणितल होय. वारंवारची बाळंतपणे, लांबलेली प्रसूती व जड ओझी उचलण्याची कामे यांमुळे तो शिथिल झाल्यास खोकताना लघवी सुटणे, 'अंग बाहेर येणे' असे त्रास उद्भवतात.

मापनाचा आरंभ :
अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाची पद्धती मांडली. तिच्या जोडीला त्यांनी पेरिनिओमीटर हे दाबमापक वापरले. आकुंचनाचा दाब तबकडीवर दिसत असल्याने योग्य स्नायू काम करतो किंवा कसे, हे स्त्रीला स्वतःला कळू लागले. पुढे ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट जो लेकॉक यांच्या कार्यातून सुधारित ऑक्सफर्ड श्रेणी रूढ झाली. तीत प्रशिक्षित तपासनीस बोटाच्या स्पर्शाने ० ते ५ असे बल ठरवितो. उपकरणाची आवश्यकता उरली नाही.

महाराष्ट्रातील परंपरा :
मुंबईच्या स्त्रीरोगशास्त्राची ख्याती प्रामुख्याने शस्त्रक्रियेची आहे. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर (१८९९-१९७१) आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या पद्धती विकसित केल्या. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांना त्या वरदान ठरल्या. तथापि हा उपचार अंग उतरल्यानंतरचा होय. ते उतरण्यापूर्वी स्नायूंचे बल तपासणे हा प्रश्न निराळाच राहिला.

त्याचे एक कारण गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची केलेली पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. पूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ टक्के होत्या.

खानदेश :
धुळ्यास आणि पुढे २०१८ मध्ये जळगावास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागांत राबणाऱ्या स्त्रियांपर्यंत ही तपासणी नेण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित हात, आडोसा आणि स्त्रीची संमती लागते.

निष्कर्ष :
मापनाचे साधन कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे. उणीव आहे ती विचारण्याची. प्रसूतीनंतरच्या नित्य तपासणीत या एका प्रश्नाला स्थान मिळाले, तर अनेक शस्त्रक्रियांची वेळच येणार नाही.